तंजावरला दोन रात्री

महाराष्ट्रातून दक्षिणेला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत तंजावर बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेले असते. सकाळी त्रिची, दुपारी तंजावर, रात्री मदुराई किंवा रामेश्वर. बस मोठ्या देवळासमोर थांबते, मंडळी नंदीपुढे फोटो काढतात, सोबत आणलेला आचारी कुठल्यातरी कार्यालयाच्या आवारात पोळी-भाजी वाढतो आणि बस पुढच्या गावाच्या रस्त्याला लागते. दुपारची वेळ असल्यामुळे गाभारा बंद असतो आणि फरसबंदीचा दगड इतका तापलेला असतो की अनवाणी पायांनी प्रदक्षिणाही धड होत नाही.

मला हे मनापासून खटकते. एकोजीराजे भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात हे गाव घेतले, तेव्हापासून १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनाबरोबर गादी संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे इथे मराठी दरबार होता. तमिळ मुलखाच्या मध्यभागी, कावेरीच्या भातखाचरांत वसलेल्या या शहरात मराठी नाटके लिहिली गेली, मराठी पुस्तके छापली गेली, मराठीत पाककृती उतरवल्या गेल्या. आणि हे सगळे ज्या शहराच्या खांद्यावर उभे राहिले ते शहर त्याआधीच चोळांचे आणि नायकांचे होऊन गेले होते. अशा गावाला दोन तास पुरत नाहीत. दोन रात्री द्याव्यात, हे माझे ठाम मत आहे आणि त्या कशा घालवाव्यात तेच इथे सांगायचे आहे.

चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्रीची उळवन एक्सप्रेस धरली तर सकाळी तंजावरला उतरता येते. विमानाने यायचे तर त्रिचीला उतरावे, तिथून मोटारीने तास-सव्वा तासाचा रस्ता. मुक्काम रेल्वे स्थानक आणि गांधीजी रोडच्या आसपास करावा. तिथून मोठे देऊळ, राजवाडा आणि जेवणाची ठिकाणे रिक्षाने काही मिनिटांवर आहेत, चालायची सवय असेल तर पायीसुद्धा.

मोठे देऊळ दोनदा पाहायचे, एकदा संध्याकाळी आणि एकदा उजाडताना. गावात सगळे त्याला 'पेरिय कोविल', म्हणजे मोठे देऊळच म्हणतात. बृहदीश्वर हे नाव पाटीवर. पहिल्या राजराज चोळाने ते बांधून घेतले आणि १०१० मध्ये पुरे झाले. विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची उंची सुमारे ६६ मीटर. आपल्याकडची दगडी देवळे पाहिलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो मापाचा. दक्षिणेतल्या बहुतेक मोठ्या देवळांत वेशीवरची गोपुरे उंच आणि गाभारा ठेंगणा असतो, इथे उलटे आहे. गोपुरे बसकी आणि गाभाऱ्यावरचा डोलारा आभाळाला भिडलेला. संध्याकाळी उन्हे उतरू लागली की तो ग्रॅनाइट मधासारखा पिवळा होतो आणि गावातली कुटुंबे पोराबाळांना घेऊन आवारात येऊन बसतात. कोणी डबा उघडतो, कोणी मुलाला नंदी दाखवतो. देऊळ हजार वर्षांनंतरही वापरात आहे हे त्या वेळी कळते.

शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही, असे काही मार्गदर्शक छातीठोकपणे सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. दुपार कलल्यावर पूर्वेच्या फरशीवर ती लांबलचक पडलेली असते. तिथे खरोखर थक्क व्हावे अशा गोष्टी इतक्या आहेत की खोट्या चमत्काराची गरज नाही. विमानाच्या जोत्याजवळ खाली वाका. दगडावर ओळींमागून ओळी तमिळ अक्षरे कोरलेली दिसतील. राजाने काय दिले, त्याची थोरली बहीण कुंदवै हिने काय दिले, राण्यांनी, अधिकाऱ्यांनी काय दिले याचा तो हिशेब आहे. देवळासाठी गावोगावच्या देवळांतून आणलेल्या ४०० नर्तकींची नावे त्यात आहेत, त्या कोणत्या रस्त्यावर कोणत्या घरात राहतील हे आहे आणि प्रत्येकीला वर्षाला किती भात मिळेल हेही आहे. एवढ्या मोठ्या बांधकामाचा मालक देव मानला तरी त्यावर राबणाऱ्या बाईचे नाव आणि पत्ता दगडावर राहिला, ही मला शिखराच्या उंचीपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

आता मराठी वाचकाने करायचे काम. आवाराभोवतीच्या लांब ओवऱ्यांमधून चालत नैर्ऋत्येच्या बाजूला जा. तिथे भिंतीवर देवनागरी अक्षरे दिसू लागतात. हा भोसले घराण्याचा इतिहास, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. भाषा मराठी. दगडावर कोरलेला इतका लांब मराठी मजकूर दुसरीकडे पाहायला मिळत नाही. विरामचिन्हे नाहीत, शब्द एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे पहिली दोन-तीन वाक्ये अडखळत जातात. मग डोळा सरावतो. एखादे ओळखीचे नाव हाती लागते आणि पुढचे आपोआप उलगडते. बरोबर शाळकरी मुले असतील तर त्यांना इथे आणाच. बाहेर सगळ्या पाट्या अनोळखी लिपीत वाचून आल्यावर, चोळांच्या देवळात आपली अक्षरे आपण मोठ्याने वाचतो आहोत हे त्यांना आयुष्यभर आठवेल. त्याच कोपऱ्यातले गणपतीचे देऊळही सरफोजींच्या काळात नव्याने उभे राहिलेले आहे. देवीचे देऊळ पांड्यांचे, सुब्रह्मण्याचे नाजूक कोरीव देऊळ नायकांच्या काळातले. एका आवारात चार राजवटी नांदतात.

गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. नायकांच्या काळात त्यांच्यावर दुसरा थर चढला होता, तो १९३१ मध्ये लक्षात आला आणि खालची चित्रे उजेडात आली. वरच्या मजल्यावर नृत्याच्या १०८ करणांपैकी ८१ कोरलेली आहेत. दोन्ही ठिकाणी सर्वसामान्यांना सोडत नाहीत, तेव्हा ओवरीतल्या माहिती केंद्रात लावलेली छायाचित्रे पाहूनच यावे.

सकाळी सहाला देऊळ उघडते तेव्हा जाणाऱ्याला थंडगार दगड आणि मोकळे आवार मिळते. आठपर्यंत बाहेर पडावे आणि थेट न्याहारीला जावे. इडली, पोंगल, वडा हे तुम्हाला ठाऊक आहे, पण इथे 'कडप्पा' आहे का ते विचारा. मुगाची डाळ आणि बटाटा यांचा पांढरट, खोबऱ्या-बडीशेपेच्या वाटणाचा पातळ रस्सा, इडली-डोशाबरोबर खायचा. हा खास तंजावर-कुंभकोणम पट्ट्यातला पदार्थ आहे, चेन्नईतही सहजी मिळत नाही. सगळ्या हॉटेलांत रोज नसतो, कित्येक ठिकाणी ठरावीक वारीच करतात. मिळाला तर इतर सगळे बाजूला ठेवा. त्यावर पितळी पेल्यातली फिल्टर कॉफी. ती वाटीत ओतून पुन्हा पेल्यात, अशी वर-खाली करत फेस आणून प्यायची असते.

दुपारी केळीच्या पानावरचे 'साप्पाडु' घ्यावे. मोठ्या देवळाच्या आणि बस स्थानकाच्या परिसरात शाकाहारी जेवणाची घरे पुष्कळ आहेत, ज्यापुढे गावातली माणसे उभी दिसतील ते निवडावे. भात पुन्हा पुन्हा येतो हे लक्षात ठेवून पहिल्या वाढणीला हात आखडता ठेवा. आधी सांबार, मग चिंचेचे घट्ट वत्तकुळंबू, मग रसम, शेवटी ताक. मांसाहारी मंडळींसाठी गांधीजी रोडवरचे सत्तार हे जुने नाव आहे, तिथली बिर्याणी आणि तंदुरी गावाच्या सवयीची झाली आहे. गोडासाठी बॉम्बे स्वीट्समध्ये जावे. नाव मुंबईचे असले तरी तिथली चंद्रकला तंजावरची खूण बनली आहे. करंजीसारखी मुरड घातलेली, आत खवा, बाहेर पाक. एक खाल्ली की पुरे होते आणि दुसरी बांधून घेतली जाते.

सांबाराची गोष्ट इथे निघतेच. एकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसुले संपली, म्हणून चिंच घातली, आणि पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून पदार्थाला सांबार म्हणू लागले, अशी ती आख्यायिका. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. मराठी दरबाराच्या स्वयंपाकाचा खरा पुरावा दुसरीकडे आहे आणि तो अधिक मोलाचा आहे. 'भोजनकुतूहल' हा अन्नपदार्थांवरचा संस्कृत ग्रंथ लिहिणारा रघुनाथ पंडित मूळचा महाराष्ट्रातला, एकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला आलेला. पुढे सरफोजींच्या काळातला मराठी पाकग्रंथ 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केला आहे. घरातल्या जेवणात तर हा वारसा अजून चालू आहे. पश्चिम राजवीथीच्या आतल्या गल्लीत एका मराठी घरी मला जेवायला बसवले होते. आजी पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या, घरात तमिळ आणि मराठी दोन्ही, मराठीचा हेल ओवाळून घ्यावा असा जुना. पानात आंबट वरण होते, चिंचेचे. बाजूला डांगर पच्चडी. भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवलेले, वर मोहरी, हिंग, सुक्या मिरचीची खमंग फोडणी. आपल्याकडे डांगर पाण्यात किंवा ताकात कालवतात, कच्चा कांदा घालतात. इथे त्याला दह्याचा घट्टपणा आणि तमिळ फोडणी मिळाली आहे. "तुमच्याकडे वरणात अजून आमसूलच घालतात का हो?" असे आजींनी विचारले. हो म्हटल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली आणि आणखी एक पळी भातावर घातली. हॉटेलांत हे जेवण मिळत नाही. गावात कोणाची ओळख निघाली तर संकोच करू नका, बोलावणे आले तर नक्की जा.

उन्हाच्या वेळी राजवाडा. बांधकाम मुळात नायकांचे, मराठ्यांनी त्यात भर घातली. बाहेरून त्याची रया गेलेली दिसते, त्यावरून मन खट्टू करून घेऊ नये. आतल्या कलादालनात चोळकालीन ब्राँझ मूर्ती आहेत आणि त्यासाठी जगभरातून माणसे येतात. तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव शोधा. अकराव्या शतकाच्या आरंभीची ही मूर्ती. ज्या बैलावर रेलून उभा आहे तो बैल राहिलेला नाही, फक्त शिव आहे. डावा पाय आडवा टाकलेला, जटांची पगडी सापांच्या वेटोळ्यांसारखी बांधलेली, एक हात हवेत टेकलेला. बैल नाही हे काही क्षणांतच विसरायला होते. इतकी सैल, इतकी निवांत उभी राहण्याची पद्धत धातूत आणणारा कारागीर कोण होता ते कळायला मार्ग नाही. तिथे पाच मिनिटे तरी थांबा, बाकीची दालने झरझर पाहिली तरी चालेल.

मराठा दरबार हॉलमध्ये रंगीत खांब आणि कमानी आहेत. सरफोजींचा हात जोडून उभा असलेला संगमरवरी पुतळाही राजवाड्यात पाहायला मिळतो. या राजाबद्दल थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १७९८ मध्ये गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. किल्ला आणि राजवाडा एवढेच हाती राहिले. दुसरा एखादा नाचगाण्यात बुडून गेला असता. याने ग्रंथ जमवले, धन्वंतरी महाल काढून औषधांचे प्रयोग करवले, डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या, छापखाना आणला आणि १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' या नावाने मराठीत छापल्या. मुंबई-पुण्यात मराठी छपाईची घडी बसण्याआधीची ही गोष्ट. भरतनाट्यमच्या पाठाची आजची मांडणी ज्या चार भावांच्या नावाने ओळखली जाते ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु याच दरबारातले.

त्याचे खरे स्मारक म्हणजे राजवाड्याच्या आवारातले सरस्वती महाल ग्रंथालय. संग्रह नायकांपासूनचा, पण त्याला आजचे रूप दिले ते सरफोजींनी. १९१८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. ताडपत्रे आणि कागदी पोथ्या हजारोंनी आहेत, त्यांत मराठी हस्तलिखिते तीन हजारांवर, शिवाय मोडी कागदपत्रांचे रुमाल वेगळे. पर्यटकाला प्रत्यक्ष ग्रंथालयात शिरता येत नाही, शेजारच्या छोट्या संग्रहालयात निवडक वस्तू मांडल्या आहेत. चित्रांच्या पोथ्या, नकाशे, जुने छापील ग्रंथ. तासाभराचे काम आहे. बाहेर पडताना विक्री खिडकीवर प्रकाशनांची यादी मागा. मराठी पुस्तके त्यात आहेत, किमती किरकोळ आहेत आणि ती महाराष्ट्रातल्या दुकानांत क्वचितच दिसतात. तंजावरहून काही आणायचेच तर मी आधी हे आणीन. सुट्टीचा वार कोणता ते मात्र हॉटेलातून आदल्या दिवशी विचारून घ्या.

देवळाच्या उत्तरेला शिवगंगा बागेतले श्वार्ट्झ चर्च वाटेतच आहे. १७७९ चे. सरफोजींना शिकवणाऱ्या या जर्मन मिशनऱ्याच्या मृत्युशय्येजवळ उभा असलेला तरुण राजा जॉन फ्लॅक्समनने संगमरवरात कोरला आहे. चर्च उघडे असेल तर दहा मिनिटे आत जाऊन या.

पहिल्या संध्याकाळी खरेदी. तंजावर चित्रांच्या नावाखाली छापील कागदावर चमकी चिकटवलेले नगही विकतात, म्हणून आधी सरकारी पुंपुहार दालनात जाऊन खरी वस्तू हाताळावी, मग बाजारात भाव करावा. खऱ्या चित्रात लाकडी फळीवर कापड, त्यावर चुन्या-खडूच्या लुकणाचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख असतो. मान डोलावणाऱ्या बाहुल्या मुलांसाठी घ्या, स्वस्त आणि मस्त. पण वेळ द्यायचा तर वीणा करणाऱ्यांच्या गल्लीला द्या. फणसाच्या ओंडक्यातून पोकळ कोरून काढलेले भोपळे दाराशी वाळत ठेवलेले असतात. आतमध्ये एक कारागीर मेण आणि कोळशाची पूड मळून केलेला काळा लगदा दांडीवर थापतो, त्यात पितळी पडदे एकेक करून बसवतो. एकूण २४. प्रत्येक पडदा बसवला की तार छेडायची, कान लावायचा, मेण अजून ऊन असतानाच पडदा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. मोजपट्टी जवळ नव्हती. बाजूला बसून पाहायला कोणी हरकत घेत नाही, फक्त सूर लावताना बोलू नये.

दुसरा दिवस कावेरीकाठचा. सकाळी तिरुवैयारू, १२-१३ किलोमीटरवर. रस्त्यात नद्या आणि कालवे एकामागून एक ओलांडावे लागतात. १८४७ मध्ये कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांनी इथे देह ठेवला, नदीकाठी त्यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला इथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांची पंचरत्ने गातात. ही समाधी सावरण्यासाठी बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने आपली मिळकत खर्ची घातली, आणि जिथे पूर्वी बायकांना गायला बसू देत नसत तिथे त्यांना जागा मिळवून दिली. तिचे नाव तिथे आदराने घ्यावे. तिरुवैयारू गावात परतल्यावर आंडवर यांच्या दुकानात अशोका हलवा. मुगाच्या डाळीचा, तुपाने ओथंबलेला, केशरी रंगाचा, गरमच पानावर देतात आणि बरोबर तिखट शेव-चिवडा असतो. त्याच्याशिवाय हलवा खाऊ नये. इथून कोळ्ळिडम नदीपलीकडचा भाग फार लांब नाही. दक्षिण दिग्विजयात, १६७७ मध्ये, शिवाजीमहाराज आणि एकोजीराजे हे सावत्र भाऊ त्याच परिसरात, तिरुमळवाडीला भेटले. वाटणीवरून बोलणे फिसकटले आणि एकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरला परतले.

तिरुवैयारूहून कुंभकोणमकडे, सुमारे चाळीस किलोमीटर. आधी दारासुरमचे ऐरावतेश्वर देऊळ पाहावे, बाराव्या शतकातले, दुसऱ्या राजराजाचे. तंजावर भव्य, दारासुरम बारीक कामाचे. रथासारखा मंडप, त्याला ओढणारे घोडे, खांबांवर बोटभर उंचीच्या नर्तकी. एकाच डोक्यात हत्ती आणि बैल दिसतील असे शिल्प कुठे आहे ते पुजाऱ्याला विचारा. मग स्वामीमलैत ब्राँझ ओतणाऱ्या स्थपतींच्या कार्यशाळा. मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या मऊ गाळाचा लेप, भट्टीत मेण वितळून गेले की पोकळीत धातू. राजवाड्यात पाहिलेल्या शिवाची रीत अजून मोडलेली नाही हे डोळ्यांनी पाहता येते. कुंभकोणमच्या पश्चिमेकडून पूर्वेला गाव ओलांडून गेले तर गोविंदपुरम, तिथे अलीकडे उभारलेले विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर आहे. तमिळ भजनी मंडळी अभंग मराठीतच म्हणतात. उच्चार त्यांचे, शब्द तुकोबांचे. जरूर ऐका. संध्याकाळची कॉफी कुंभकोणमलाच घ्यावी. निरशा दुधाची 'डिग्री कॉफी' या गावाची म्हणून ओळखली जाते, हमरस्त्यावर त्या नावाच्या पाट्या लावलेल्या टपऱ्यांपेक्षा गावातल्या देवळाजवळची जुनी हॉटेले अधिक भरवशाची.

हवेबद्दल एक सूचना. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिथे सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस जोरात असतो, दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर छत्री लागेल, पण राजराजाच्या जन्मनक्षत्राचा उत्सवही याच सुमारास देवळात असतो. जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगले. महाशिवरात्रीला मोठ्या देवळात नृत्याचा उत्सव होतो. एप्रिल-मेमध्ये लहान मुले आणि वडीलधारी सोबत असतील तर जाऊ नये.

आणि दोन रात्री निघतच नसतील, एकच हाती असेल, तर कुंभकोणम खुशाल सोडून द्या, दारासुरमही पुढच्या खेपेला ठेवा. मोठ्या देवळाची सकाळ, नैर्ऋत्येची भिंत आणि सरस्वती महाल, ही तीन मात्र सोडू नका. सहल कंपनीशी बोलताना एवढे आधीच ठरवून घ्या आणि त्या दिवसाचे दुपारचे जेवण आचाऱ्याकडून नको, गावातच पानावर जेवू, असे स्पष्ट सांगा.